दारातली खुंटी

५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्तांग नमस्कार. घालायचा साष्टांगच होता. परंतु आठांपैकी एक अंग, म्हणजे पाय, सध्या कामातून गेला आहे. मोजणीवाल्यांनी माझ्या फाटकासमोर, नेमके पाऊल पडते तिथे, लाल डोक्याची एक खुंटी ठोकली असून रोज शाळेत निघताना माझा अंगठा तिची यथासांग भेट घेतो. ‘पदे पदे’ म्हणजे काय, हे मी इतकी वर्षे मुलांकडून घोकून घेतले. आता अंगठा मला शिकवतो आहे.

खुंटीचे कारण तुला ठाऊकच आहे. शहराला नवी घरे हवीत. ती एकतर इथे, माझ्या घरासमोरच्या बंद काचकारखान्याच्या जागेवर होणार, नाहीतर शहराबाहेर, तुझ्या परसामागच्या माळावर. माळ वाचवायला तू पदर खोचून उभी आहेस असे कळते. धर्मशास्त्रात उष्टे वर्ज्य. तुझ्या शास्त्रात मात्र एकदा वापरून टाकलेली उष्टी जमीनच घरांना चालते. धन्य आहे!

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, त्यातला थोडा अंगठ्याकडे वळवावा.

तुझा,
पंडित

१६ फेब्रुवारी

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

अंगठ्याला हळद लाव आणि चालताना खाली बघ. पुस्तकात डोके घालून चालणाऱ्याला खुंटी काय, डोंगरही दिसायचा नाही.

आमच्याही माळावर खुंट्या ठोकल्यात. एकीच्या शेजारीच टिटवीने अंडी घातली आहेत. कोणी जवळ गेले की ती अशी किंचाळते, की मोजणीवाला टेप टाकून पळाला. तुझे भाऊजी म्हणतात, दोघी बहिणी शोभता. हसू दे त्यांना. बाबा रे, पडीक जागेवर घरे पुन्हा उभी राहतील, पण माळ एकदा खणला की पुन्हा माळ होत नाही. गावातल्या बायकांच्या सह्या घेते आहे. सुनावणीला मीच बोलणार.

एकच रुखरुख आहे. लहानपणी मी भांडी घासायला बसले की तू कानात कापूस घालायचास. तुझ्या दारात दोन-तीन वर्षे बांधकाम चालले तर कसे व्हायचे तुझे? फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रातच खरे ते लिही.

माया आहे, पण उत्तराला उशीर केलास तर कमी होईल.

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साडेसप्तांग नमस्कार. अंगठा अर्धा बरा आहे.

माझे कसे होईल म्हणतेस? अगं, सर्वनाश! माझ्या भिंतीपलीकडे पहाटे कुकरच्या शिट्ट्या होतील. कोणाचे तरी बाळ रडेल आणि कोणीतरी त्याला बेसूर अंगाई म्हणेल. चेंडूने माझी काच फुटेल, आणि ज्याने फोडली तो सोडून बाकी सगळे माफी मागायला येतील. एखादी शेजारीण वाटीभर साखर मागेल, वाटी परत करायची विसरेल, म्हणून मला तिच्याकडे जावे लागेल. फाटकाशी लोक उगाचच विचारतील, काय गुरुजी, जेवलात का? माझ्या मौनव्रताची अशी विटंबना होणार!

शेजारच्या काकू लेकीकडे गेल्यापासून आमची गल्ली कशी तपोवनासारखी आहे. मी आणि कारखान्याचा पहारेकरी, दोनच ऋषी. त्यालाही आता काढून टाकले. परवा कुत्र्याने खुंटी पाडली, ती मी पुन्हा ठोकली आणि तिचे डोके रंगवून घेतले. केवळ शिस्त म्हणून.

लोभ वाढवू नये, आहे तेवढाच मला पेलत नाही.

पंडित

९ मार्च

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवले. हे पोट धरून हसले, मला मात्र हसू आले नाही. आम्ही इथे दोघे आहोत. तू एकटा जीव, शाळा आणि शांतता याखेरीज तुला काय आहे? तीही मी हिरावून घ्यायची?

काल सुनावणी झाली. मी उभी राहिले आणि आमची हरकत मागे घेतली. अधिकाऱ्यांना सांगितले, माळावर बांधा, कारखान्याच्या जागेला हात लावू नका. त्यांचा जीव भांड्यात पडला. तिथली माती म्हणे विषारी आहे, ती उपसण्याचा व्याप टळला. बरोबरच्या बायका परतताना मला मागे टाकून पुढे निघून गेल्या. आज सकाळी माळावर गेले, पण टिटवीकडे बघवेना.

निकाल महिनाअखेरीस आहे. तुझी खुंटी काढून नेतील. आता निवांत झोप.

ताई

१२ मार्च

ती. ताईस,

आज पूर्ण साष्टांग नमस्कार.

हे पत्र मिळताच कार्यालयात जा आणि हरकत पुन्हा दाखल कर. मी आज शाळा बुडवून जाऊन आलो. घरे आमच्या दारात बांधा, माती उपसायला लागतील तितकी वर्षे लागू देत, असे लिहून सही करून दिली. तुझ्या बायकांनाही सांग, चूक तुझी नाही. भावाला सरळ बोलता येत नाही.

ताई, ते कुकर-अंगाई मी विनोदाने लिहिले नव्हते. रोज बसून तेच मनात आणतो. दिवाळीच्या नव्हे, साध्या चार सुट्ट्यांनंतर परवा चहावाल्यासमोर उभा राहिलो तर घशातून आवाज फुटेना. इतक्या दिवसांत कोणाशी बोललोच नव्हतो. गेल्या महिन्यात तापाने पडलो होतो, तुला कळवले नाही. दारात दुधाच्या पिशव्या साचल्या. त्या कुत्र्याने फोडल्या, पण माणूस कोणी डोकावले नाही.

मला गोंगाटाची भीती नाही. खुंटी उपटून नेतील याची आहे. एखाद्या सकाळी मी उठणार नाही, आणि पत्राचे उत्तर का आले नाही म्हणून तू वाट बघत बसशील, तेव्हा कुठे कोणाला तरी कळेल.

तुझा धाकटा