दहा मिनिटं आधीची घंटा

रविवार, ९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
ताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुला आठवतं का, तू चौथीत होतीस आणि सिस्टर गणिताच्या तासाला एकेकीला फळ्याजवळ बोलवत होत्या? तुझ्या आधीची मुलगी उठली तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात घंटेपाशी उभी होते. घंटा-मॉनिटर म्हणून माझ्या फ्रॉकला निळी फीत होती आणि त्या फितीचा मला केवढा तोरा होता! खिडकीतून तुझा चेहरा दिसला, पांढराफटक. मी दहा मिनिटं आधीच घंटा वाजवली. नंतर सिस्टरना सांगितलं की हॉलमधलं घड्याळ मागे पडलंय. ठरवून बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

हे आज आठवायचं कारण, मला पुन्हा घंटा मिळाली आहे.

उन्हाळ्यातल्या वणव्यात आमच्या डोक्यावरचा डोंगर जळाला, ते तुला माहीत आहेच. त्यानंतर काय होतं ते मात्र मलाही माहीत नव्हतं. वणवा विझल्यावर वनाधिकारी बाईंनी आम्हा सात घरांतल्या सगळ्यांना वर नेलं आणि राखेखालच्या मातीवर बाटलीतलं पाणी ओतलं. धाकटे, पाणी मुरलंच नाही. मेणकापडावर राहावं तसं थेंब थेंब होऊन वर राहिलं आणि घरंगळून गेलं. बाई म्हणाल्या की आगीने मातीवर मेणाचा थर बसल्यासारखं झालंय, आता इकडचा हिवाळ्याआधीचा पाऊस आला की तो आत न जाता राख, दगड, ओंडके घेऊन सरळ खाली येईल. खाली म्हणजे आधी आम्ही, मग ओढा, मग तुमची नदी. आमचा सुतार नेहमी काहीतरी थट्टा करतो, पण त्यानेही आपली बाटली ओतून बघितली.

म्हणून वरच्यांची आणि तुम्हा खालच्यांची मिळून ओढा-समिती झाली आहे. दर रविवारी तुमच्या गावची बस चाळीस माणसं घेऊन येते. जळके ओंडके उतारावर आडवे बांधायचे, मध्ये गवताचा पेंढा पसरायचा, बी टाकायचं. निम्मा उतार झालाय. वरच्या दोन घळी राहिल्यात, तिथे बसमधली माणसं चढेपर्यंतच परतायची वेळ होते.

माझं काम शाळेच्या व्हरांड्यासमोरची पावसाची नळी वाचायचं. पाव तासात पाणी सहाच्या रेघेवर गेलं की घंटा वाजवायची, म्हणजे सगळे पलीकडच्या टेकाडावर जातील, आणि पाणीघरात तुझ्या यजमानांना फोन करायचा, म्हणजे ते नदीचं पाणी आत घेणारं दार बंद करतील. मोबाइलचा मनोरा जळला, तारेचा हा एकच फोन. त्यावर गप्पा मारायच्या नाहीत असं मला बजावलंय, म्हणून हे पत्र बसवाल्या मामांच्या हाती. सुतार म्हणतो की बाई रिटायर झाल्या, त्यांची घंटा काही होत नाही. मी हसले खरी, पण घरी येऊन पत्र्याच्या डब्यातली ती निळी फीत काढून हातात धरून बसले. भीती वाटते गं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे, आणि रिकामे डबे पाठव. डोंगरासाठी व्हरांड्यात वाढवतेय त्या रोपांना कमी पडताहेत.

तुझी,
ताई

बुधवार, १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातला चहा थंड झाला. तू आमच्याकडे निघून ये. माझी शिवणाची खोली तुझीच समज, मशीन जिन्याखाली ढकलीन. नळी वाचायला समितीला दुसरं कुणी मिळेल. तू येणार नाहीस हे लिहितानाच मला कळतंय, तरी लिहिते.

ह्यांना विचारलं तर हे म्हणाले की राखेचा चिखल एकदा पाणीघरात शिरला तर गाळण्या तुंबतील आणि गावाला महिनाभर प्यायचं पाणी मिळणार नाही, म्हणून ताईंसारखं माणूस वर असणं भाग आहे. माणूस म्हणजे माझी बहीण, हे लक्षात असू द्या, असं मी ह्यांना ऐकवलं.

मागच्या महिन्यात बसमधून मी आले होते, ते तुला सांगितलंच नाही. तो काळा डोंगर खिडकीतून दिसला आणि माझे गुडघेच गेले. सगळे उतरले, मी सीटवर बसून राहिले. तुला भेटायलाही उतरले नाही. मला त्या डोंगराखाली उभं राहवत नाही, ताई. लाज वाटते, पण खरं ते सांगते.

डबे मात्र गल्लीभर फिरून जमवलेत. खिळा ठोकून प्रत्येकाला तीन भोकं पाडलीत. एकशे तीस आहेत. माझ्या अंगठ्याची दशा बघशील तर हसशील.

राग धरू नये, माया कमी करू नये.

तुझी भित्री,
धाकटी

रविवार, ३० सप्टेंबर

चि. धाकटीस, आशीर्वाद.

तू बसमध्ये होतीस आणि उतरली नाहीस! मामांना विचारलं तर ते म्हणाले की एक बाई तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या, त्यांना बस लागली असेल असं वाटलं. मी रागावले नाही. राग यायला अंगात जोर लागतो, तो सध्या नळीकडे बघण्यात जातो.

दोनदा घंटा वाजवली. पहिल्यांदा नळी बरोबर सहावर होती. सगळे गोधड्या-कोंबड्यांसकट टेकाडावर गेले, सुताराने वडलांना पाठुंगळी घेतलं. तीन तास बसलो. काही आलं नाही. दुसऱ्यांदाही तसंच. शेजारीण म्हणाली की बाईंच्या घंटेला शाळा सुटल्याची सवय आहे, म्हणून ती उगीचच वाजते. सगळे हसले, मीही हसले. पण उतरताना दोन घरांनी बोलून दाखवलं की तिसऱ्यांदा आम्ही येणार नाही.

मला त्या डोंगराची जेवढी भीती वाटते तेवढीच आता या हसण्याची वाटते. तिसऱ्यांदा चुकले तर चौथ्यांदा माझी घंटा कोण ऐकेल?

ओंडके मात्र छान बसताहेत. वरची एक रांग, तिच्या फटीखाली दुसरीचा ओंडका, आपल्या शिवणाच्या तासातल्या टाक्यांसारखे. तुझा टाका नेहमी घट्ट पडायचा. इथे तसाच हवा होता.

तुझी माया पाठीशी असू दे.

ताई

गुरुवार, ४ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

तुझ्या कानावर आलंच असेल, तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. परवा समितीची बैठक झाली. दोन वेळा दार बंद केल्यामुळे गावाला दोन दिवस पाणी नव्हतं, त्यावरून खूप आरडाओरडा झाला. शेवटी रेघ सहावरून दहावर न्यायची ठरली. वनाधिकारी बाई एकट्या नको म्हणाल्या. आणि ताई, दहाच्या बाजूने पहिला हात ह्यांनी वर केला.

दोन दिवस मी ह्यांच्याशी बोललेले नाही. जेवायला वाढते आणि कपाटाची दारं आपटते. हे म्हणतात की लोकांचा विश्वास उडाला तर ताईंची घंटा फुकट जाईल, तिला वजन राहावं म्हणूनच मी हात वर केला. खरं असेलही. पण सहा आणि दहा यांच्या मधल्या चार रेघांत तू उभी आहेस, हे ह्यांना दिसत नाही.

एक गोष्ट सांगते, कुणाला दाखवू नकोस. त्या दिवशी चौथीच्या वर्गात मला एकही गणित येत नव्हतं. घंटा झाली आणि मी बाहेर पळत आले तेव्हा तू घड्याळाकडे बघतही नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस. तू घड्याळावरून घंटा वाजवली नव्हतीस, माझ्या तोंडावरून वाजवली होतीस. तशीच वाजव. रेघेचं मी बघून घेईन. ह्यांचंही मी बघून घेईन.

जीव सांभाळून असावे, हीच विनंती.

धाकटी

बुधवार, १७ ऑक्टोबर

ताई,

मायना लिहायला वेळ नाही. दुरुस्तीची गाडी वर निघाली आहे, तिच्यातल्या माणसाच्या हाती हे देते. तू जिवंत आहेस असं वनाधिकारी बाईंनी कळवलं. सगळे जिवंत आहेत असंही कळवलं. तरी तुझ्या अक्षरातल्या दोन ओळी बघितल्याशिवाय मला घास उतरणार नाही.

काल दुपारी तीन वाजता तुझा फोन आला तेव्हा हे पाणीघरातच होते. ह्यांनी किती म्हणून विचारलं, तू दहा म्हणालीस आणि फोन ठेवलास. हाताखालचा माणूस सांगतो की आकडा ऐकून साहेबांनी हवामानाच्या पडद्याकडे बघितलं. त्यावर तुमच्या डोंगरावर हलकाच पाऊस दिसत होता. मग हे म्हणाले की ताईंनी दहा सांगितले म्हणजे दहा, आणि दार बंद केलं. साडेचारच्या सुमारास नदी काळी होऊन आली. आख्खी झाडं दारावर येऊन आदळत होती. पाणीघर वाचलं. गावाला आज टाकीतलं पाणी आहे.

संध्याकाळी हे घरी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले की दहाला हात वर केला ती माझी चूक होती. त्यावर मी कपाटाचं दार हळू लावलं.

तुझं घर खरंच गेलं का?

धाकटी

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
ताईचे आशीर्वाद. हे माझंच अक्षर आहे, आता जेव.

हो, घर गेलं. चार घरं गेली, माझं त्यातलं पहिलं. मी शाळेच्या व्हरांड्यात रोपांच्या डब्यांमध्ये अंथरूण घातलंय. सातही घरांतली एकोणीस माणसं मी टेकाडावर हजेरीसारखी दोनदा मोजली. भरली.

आता जे तुला लिहिते ते तुझ्या यजमानांनाही वाचून दाखव. नळी दहावर नव्हती. चारवर होती.

पाऊस साधाच होता. मी छत्री घेऊन ओढ्याकडे बघत होते. धुण्याचा दगड निम्मा पाण्यात होता. थोड्या वेळाने बघते तर दगड सगळा उघडा. वरून पाऊस चालू आणि ओढा उतरतोय! आवाजही बसत गेला आणि मग बंदच पडला. वर्गात चाळीस मुली एकदम गप्प झाल्या की बाई फळा सोडून मागे वळतात, तशी मी डोंगराकडे वळले. वर कुठेतरी वाहून आलेल्या ओंडक्यांनी पाणी अडवून धरलं होतं.

दोरी हातात घेतली आणि हात हलेना. चारवर वाजवायची, तीही तिसऱ्यांदा, आणि पुन्हा काही आलं नाही तर? सगळे हसतील, त्यापुढे कुणी यायचंच नाही. तेव्हा तुझं पत्र आठवलं. मी ओढ्याच्या तोंडावरून घंटा वाजवली.

सुतार दारात हाताची घडी घालून उभा होता. बाई, आज कसला तास, असं त्याने विचारलं. मी दहा झाले म्हणून ओरडले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि वडलांना उचललं, आणि त्याला बघून ती न येणारी दोन घरंही निघाली. तुझ्या यजमानांनाही मी दहाच सांगितले. त्यांनी मला ओळखलं असणार.

वीस मिनिटांनी आवाज आला. सगळ्या वर्गांतले बाक एकाच वेळी फरशीवरून ओढले तर होईल तसा. घळच चिखल होऊन खाली आली. न बांधलेली, वरची, बसला वेळ पुरला नाही ती. बांधलेला उतार जागेवर आहे, धाकटे. एकेका ओंडक्यामागे चिखल पोटुशीसारखा तटतटून राहिलाय, पण खाली आला नाही. ते बघून मी पहिल्यांदा रडले.

भीती संपलेली नाही. दुसरी घळ अजून तशीच आहे आणि पाऊस अजून दोन महिने आहे. म्हणून कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, मागाहून घोळ नको.

नळीची वही वनाधिकारी बाईंना द्यायची. त्यात मंगळवारच्या ओळीवर चार लिहिलंय आणि खाली, मी दहा सांगितले, असंही. खोडू नये. समितीने हवं तर मला व्हरांड्यात उभं करावं, सवय आहे. धुण्याच्या दगडाशेजारी रोवायला रेघा मारलेली पट्टी तुझ्या यजमानांनी पाठवावी. ओढा उतरला तरी घंटा, हा नवा नियम त्यांनीच मांडावा आणि पहिला हातही त्यांनीच वर करावा. दोनशे बारा रोपं वाचली आहेत. शंभर सुतारासाठी, तो घळीच्या काठाला लावेल. शंभर बसवाल्यांसाठी, रविवारऐवजी शनिवारीच येऊन मुक्काम करायला तयार असतील तर. उरलेली बारा मला इथे सोबतीला हवीत.

घंटेची दोरी तुला. मला एकटीला रोज नळीकडे बघवत नाही. मंगळवार आणि बुधवार तुझे. तू भित्री आहेस हे मी सगळ्यांना सांगितलंय आणि कुणी हसलं नाही. इथे आता भित्रंच माणूस हवं आहे. गुडघे गेले तर व्हरांड्यात खुर्ची आहे, बसून वाजव. या वेळी बसमधून उतर मात्र.

तुझी वाट बघत,
ताई

ता. क. फीत डब्यासकट चिखलात गेली. येताना नवी आण. निळीच.