दोन मोठी माणसं

रवि., ११ जाने.
जोसेफभाऊंची बदली झाली. चर्चच्या तरुण संघात मोठं माणूस म्हणून आता मी एकटीच. पाळकसाहेबांनी उपासना संपता संपता सगळ्यांदेखत विचारलं, मुलांसाठी कोण वेळ देईल? तीन हात वर. पहिला विनयचा, संघात अधूनमधून गिटार वाजवायला येतो त्याचा. मुलं त्याच्यावर जीव टाकतात. मला मात्र धास्तीच. भर मंडळीत नाही कोण म्हणतो? मागच्या वर्षीचे हात पावसाळ्यापर्यंतही टिकले नाहीत.

बुध., १४ जाने.
तिघांकडे तिळगूळ घेऊन गेले आणि काम स्पष्ट सांगितलं. वर्षभर, दर रविवारी. फॅक्टरीत ड्यूटी असेल तर आधी कळवायचं. दोन मोठी माणसं असल्याशिवाय हॉल उघडायचा नाही. एकट्या मुलाला-मुलीला गाडीवर न्यायचं नाही. दोघं तिळगूळ खाऊन "पाहू" म्हणाले. म्हणजे नाहीच.
विनय म्हणाला, "काकू, संघ सुटला का रूथले तं मीच घरी सोडतो. माह्यावर भरोसा नाही का?"
"आहे ना. पण नियम सगळ्याइलेच आहे."
"मंग मलेच काहून सांगून राहिल्या?"
चहा अर्धा ठेवून उठला. फार वाईट वाटलं.

शनि., १७
पाळकसाहेबांचा फोन. थोडं सांभाळून घ्या, नाहीतर संघ बंद करावा लागेल. घरी यांचंही तेच, "तू माणसं जमवून राहिली का पळवून राहिली?" हसले, पण लागलं. गिटार नसेल तर मोठी पोरं येणार नाहीत, हे मलाही कळतं. तरी नियम सैल करायला मन...

रवि., १८
पोरं वेळेवर हजर. किल्ली हातात, दुसरं माणूस नाही. सगळ्यांना बाहेर पायऱ्यांवर बसवलं.
रूथ म्हणाली, "काकू, तुमी आहा ना. उघडा न."
"मी एकटी आहे, बाई."
"तं? तुमी काय खाता का आमाले?" पोरं हसली, मीही हसले. नियम मलाही आहे म्हटलं.
टाळ्यांवरच गाणी सुरू केली. तेवढ्यात विनय फाटकाशी. गाडी बंद केली, पण वरच बसून राहिला. मी हाक मारली नाही. मारली असती तर भिडेखातर आला असता, आणि तसं येणं मला नको.
प्रार्थना झाल्यावर रूथ सवयीनं त्याच्या गाडीकडे धावली. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती परत येऊन माझ्याजवळ बसली, बापाची वाट पाहत. विनय एकटाच गेला.
मला अजून हो म्हणालेला नाही.