कोलमनची फुंकर

लाडके ब्रीड,
समुद्रापलीकडून तुझ्या म्हाताऱ्या भावाचा आशीर्वाद.

मी मजेत आहे. लिव्हरपूलला ऊन पडलंय. शाळेतली बगळ्याची कविता खिडकीतल्या कबुतरांना म्हणून दाखवतो; तीही गुरुजींसारखीच पाठ फिरवतात.

मी घरी येऊ का विचारलं, त्यावर माझ्या बायकोचा निरोप तू जसाच्या तसा कळवलास, बरं केलंस. "कोलमननं बापाचं तोंड कधी पाहिलं नाही, म्हणून तर त्याच्या फुंकरीला गुण आहे! तोंड आलेली लेकरं घेऊन सारा गाव आमच्या दारात येतो. हा म्हातारा मिरवत आला, की गेला गुण. यायचंच तर शवपेटीतून ये म्हणावं, झाकण ठोकून."

ओनोराची जीभ अजून तशीच आहे म्हणायची!

कामासाठी बोट पकडली तेव्हा कोलमन पोटात होता. त्याचे केस माझ्यासारखे तांबडे आहेत का गं? फुंकर घालताना डोळे मिटतो का?

विचारतोय कारण माझंही तोंड आलंय. डॉक्टरांचं जांभळं औषध लागू पडत नाही, पाव झोंबतो. वाटलं होतं, परका म्हणून त्याच्या दारात उभा राहीन. पण त्यानं ओळखलं नाही तरी पाहिलं ते पाहिलंच, गुण जायचाच. उगाच कुणाचं लेकरू उपाशी रडायचं.

तेव्हा मी पेटीतूनच येईन. आपल्याकडे शेजारीपाजारी रात्रभर पेटी उघडी ठेवून बसतात. माझी उघडू देऊ नकोस. कोलमनला मात्र जवळ बसव. प्रवासात झाकणावर धूळ बसेल, तेवढी त्याला फुंकायला सांग.

तुझाच,
फेस्टी