बसवण्णांच्या काळची मिरची

येडशी,
६ डिसेंबर १९४८

प्रिय बब्रुवान,

पाच वर्षांत तुझी चार पत्रं आली आणि मी एकाचंही धड उत्तर धाडलं नाही. तुला वाटलं असेल, व्यापारी माणूस, मिरचीच्या पोत्यांतून डोकं वर काढायला सवड नसेल. तसं नव्हतं. लिहायला बसलो की पहिली ओळच पुढं सरकायची नाही. आज मात्र दुकान उघडलंच नाही. ओट्यावर उन्हात बसलोय. आमच्या हिनं, रुद्रम्मानं, दौत भरून दिली आणि म्हणाली, "सगळं लिवा. अर्धं लिवून ठिवू नगा."

आधी खुशाली. आम्ही सगळे जिवंत आहोत. भाद्रपदात रझाकार येणार अशी हूल उठली आणि निम्मं गाव पळालं. आम्ही सोळा माणसं रामलिंगाच्या देवळामागच्या रानात नऊ दिवस राहिलो. ओढ्याला पाणी होतं, पण बांधून नेलेल्या भाकरी चौथ्या दिवशीच सरल्या. मग कच्ची सीताफळं गवतात दाबून पिकवायची, कुणाच्या तरी शेतातल्या भुईमुगाच्या कोवळ्या शेंगा उपटून आणायच्या आणि सोबत मी कमरेला बांधून नेलेली मिरची. धूर दिसेल म्हणून चूल पेटवायची सोय नव्हती, तेव्हा मिरची-मीठ दगडावर ठेचून तेच चाटायचं. सातव्या दिवशी सीताफळाच्या बिया थुंकता थुंकता रुद्रम्मा तुझी आठवण काढून एकदम म्हणाली, "गुरुजींच्या त्या जहाजवाल्यानंच जगवलं म्हना की आपल्याला!" सगळे हसले. एवढ्या भीतीतही हसले. मी तेवढा उठून ओढ्याकडं गेलो.

तुला तो श्रावणी सोमवार आठवतो ना? रामलिंगाच्या आवारात प्रसाद झाल्यावर सगळे झाडाखाली बसलो होतो. मी माझं नेहमीचं सांगत होतो, की आमचं घराणं बसवण्णांच्या काळापासून मिरची विकतं, त्यांच्या कल्याणच्या बाजारात आमच्या पूर्वजांची मिरची जायची. तू कौतुकानं ऐकत होतास. मग अगदी सहज म्हणालास, "अरे कल्याणप्पा, बसवण्णांच्या काळात, आठशे वर्षांमागं, मिरची नव्हतीच आपल्याकडं. तिखट म्हणजे मिरीच. त्या मिरीसाठी पोर्तुगालचा वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आला. मग त्याच वाटेनं त्यांची जहाजं गोव्याला येऊ लागली. तिकडं पार अमेरिकेत सापडलेली मिरची त्यांनी आणली. भुईमूग, सीताफळ, तंबाखू, बटाटा, सगळं असंच समुद्रावरून आलं." कुणीतरी म्हणालं, "म्हंजे अप्पांचं घराणं जहाजातनं आलं व्हय?" आणि सगळं आवार हसलं. तूही हसलास. तुझ्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं.

तुला ठाऊक नसेल, पण दुसऱ्या दिवसापासून पेठेत हमाल मला वास्कोशेट म्हणू लागले. वाशीची गिऱ्हाइकं, तेरखेड्याचे शोभेची दारू करणारे, सगळ्यांच्या तोंडी तेच. एकदा तर माझ्या व्याह्यांनी चारचौघांत विचारलं, "काय वास्कोशेट, जहाज कधी लागणार?" ज्या घराण्याच्या जोरावर मी ताठ मानेनं चालायचो, त्याचीच थट्टा झाली होती. घरी जेवण गोड लागेना. तू मात्र रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचास आणि मी तुला सुपारी कातरून द्यायचो.

दोन महिन्यांनी तुझ्या बदलीचा हुकूम आला. आठ दिवसांत आदिलाबादकडं हजर व्हायचं, जिथं तुला भाषा येत नाही आणि वहिनींना हवा सोसत नाही. शाळेत सरकारविरुद्ध शिकवतो असा कुणीतरी बिननावाचा अर्ज केला होता. सामान माझ्याच गाडीतून स्टेशनवर आणलं. धुरपदावहिनी तोंडाला पदर लावून बाकावर बसल्या होत्या. गाडी सुटायच्या आधी तू मला मिठी मारून म्हणालास, "कल्याणप्पा, हुसेनसाबनं असं करायला नको होतं. मी त्याला भाऊ मानत होतो." गावात उर्दू अर्ज लिहिणारे मुन्शी तेवढे एकच, म्हणून तुझा संशय त्यांच्यावर गेला. मी काही बोललो नाही. माझ्या खांद्याला तुझे अश्रू लागले तरी बोललो नाही.

हिंदी फौज येऊन सगळं निवल्यावर ऑक्टोबरात मी माल घेऊन बार्शीला गेलो होतो. तिथं जुन्या पुस्तकांच्या ढिगात इतिहासाचं एक मराठी पुस्तक दिसलं. वर जहाजाचं चित्र होतं. घेतलं आणि परतीच्या गाडीत उघडलं. तू जे सांगितलंस ते त्यात होतंच, पण तू न सांगितलेलंही होतं. दहा महिने समुद्रात काढून तो कालिकतला पोचला. राजाला द्यायला नजराणा काय, तर थोडं कापड, टोप्या, हात धुवायची भांडी, साखर, मध. दरबारातली माणसं खो खो हसली. म्हणाली, मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो. चार वर्षांनी तो परत आला तो तोफा घेऊन, आणि त्यानं कालिकतवर मारा केला. कारणं पुस्तकात पुष्कळ दिलीत. पण बब्रुवान, मला त्यातलं एकच दिसत होतं. माणसाचं भर दरबारात हसं झालं, ते त्यानं पोटात ठेवलं आणि मग जे निरपराध होते त्यांच्यावर काढलं. स्टेशन आलं, माणसं उतरली, तरी मी बसूनच होतो. शेवटी गार्डानं हलवलं.

आता दिवाळीनंतरची गोष्ट. गावानं ठरवलं, सरकारी हुकूम येईल तेव्हा येईल, आपली मराठी शाळा आपण सुरू करायची. चावडीत सभा भरली. सुताराचा महारुद्र आता मोठा पुढारी झालाय. तो उठून म्हणाला, "बब्रुवान गुरुजींना परत आणू. पन आधी ज्यानं त्यांना घालवलं त्याला घालवू." सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. तिथं हुसेनसाब बसले होते, नातीला शाळेत घालायचं म्हणून आलेले. कुणीतरी त्यांची काठी ओढून घेतली. कुणी ओरडलं, "आजच्या आज गाव सोड." म्हातारा भिंतीला धरून उठला. "अल्ला की कसम, मैं नै लिख्या," म्हणाले, "गुरुजी मेरे घर का आदमी था." त्या दिवसांत असल्या बोलण्यानं मुसलमान माणसाचं काय होत होतं ते आजूबाजूच्या गावांतून रोज कानावर येत होतं. दोन पोरं त्यांच्या दंडाला धरून बाहेर नेऊ लागली, तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "त्यांना सोडा. तो अर्ज माझा आहे."

कुणाला खरं वाटेना. महारुद्र म्हणाला, "अप्पा, तुमी म्हाताऱ्याला वाचवायला बोलताय." मग मी तो अर्ज जसाच्या तसा उर्दूतून म्हणून दाखवला. धाराशिवच्या कचेरीबाहेर एका अनोळखी लिहिणाऱ्याकडून तो मी लिहून घेतला होता, त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला होता. पाच वर्षांत त्यातली एक ओळही मला सोडून गेली नव्हती. सदर मास्तर मुलांना शिकवतो की परके लोक व्यापाराला येतात आणि राज्य बळकावतात, आणि हे शिकवताना त्याचा इशारा हैदराबादकडं असतो... तुझाच धडा मी असा वाकवून लिहून घेतला होता. उर्दू तिथं नीट समजणारे एकटे हुसेनसाब. निम्मं ऐकलं आणि ते खाली बसले. हात वर करून म्हणाले, "बस करो सेठ. बस."

मला कुणी मारलं नाही, की शिवीही दिली नाही. माणसं एकेक करून उठून गेली, ते जास्त लागलं. घरी रुद्रम्माला सांगितलं तर ती आमच्या कन्नडात एवढंच म्हणाली, "साकु." पुरे. चार दिवस तिनं ताट वाढलं आणि पाठ फिरवून चुलीकडं गेली. पाचव्या दिवशी हुसेनसाब दुकानात आले. नेहमीसारखी पावशेर मिरची मागितली, ओट्यावर टेकले आणि जाताना म्हणाले, "गुरुजीकू लिखो. मेरा सलाम भी लिखो." तो सलाम तुला पोचवतो. त्याचं काय करायचं ते तू ठरव. त्यांनी ठरवलंय असं मला वाटतं. कारण शाळा माझ्या मिरचीच्या वखारीत भरते, एकसष्ट पोरं आहेत, पहिला आठवडाभर सगळी नुसती शिंकत होती, आणि मास्तर मिळेपर्यंत त्यांना पाढे शिकवतात ते हुसेनसाबच. काल जाऊन बघितलं. त्यांची नात सगळ्यांत पुढं बसून सतराचा पाढा खणखणीत म्हणत होती.

तर पत्र लिहायचं कारण हे. गावानं एकमतानं तुझंच नाव ठरवलंय. महारुद्र तुला रीतसर पत्र धाडणार होता, ते मीच आठ दिवस थांबवून धरलंय. ते वाचून तू आनंदानं सामान बांधशील आणि इथं उतरल्यावर तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे कळेल, ते मला नको होतं. सगळं कळल्यावर तू ये किंवा येऊ नको, पण कळल्यावर ठरव. माफी मागावी एवढं तोंड मला उरलेलं नाही, आणि वहिनींनी त्या हवेत काय सोसलं असेल त्याची भरपाई तर कशानंच होणार नाही. पण एकसष्ट पोरं तुझी वाट बघताहेत, आणि ती माझी नाहीत, गावाची आहेत. मारुतीच्या देवळाजवळचं तुझं जुनं घर रुद्रम्मानं कालच सारवून घेतलं. तुझा होकार आला तर सगळं गाव स्टेशनवर येणार आहे. त्या गर्दीत मी उभं राहावं की घरीच थांबावं, तेवढं वहिनींना विचारून एका ओळीत कळव.

तुझाच,
कल्याणप्पा