ग्रंथालय बंद

चारकोप,
६ जुलै २०२५

ती. सुगंधामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू हो हो करत वेळ मारून नेतेस. म्हणून पत्र.

शाळांच्या अनुदानाच्या नव्या नियमांचा मसुदा आला आहे. त्यात आपल्या शाळेएवढ्या पटाला दिवाळीनंतर ग्रंथपाल अर्धवेळ. म्हणजे सकाळी मी आणि दुपारी कुलूप. मी हरकत लिहिली. महिनाअखेरीच्या आत ती गेली पाहिजे, पण मुख्याध्यापक शिवदाससर सही करत नाहीत. तू इथे ग्रंथपाल होतीस तेव्हाची, १९९८ची नोंदवही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. त्या एका वर्षात बासष्ट दिवस तुझ्याच अक्षरात ‘ग्रंथालय बंद’. पूर्णवेळ बाई असतानाही बंदच असेल तर पूर्णवेळ बाई मागायची कशाला, असं सर म्हणाले.

तू तर तापातसुद्धा शाळेत जायचीस. मग होतीस कुठे गं?

तुझी
इरावती


मुलुंड,
११ जुलै २०२५

चि. इरावतीस,
अनेक आशीर्वाद.

बासष्ट दिवस बरोबर मोजलेस, पिनकोड मात्र चुकवलास. पोस्टमनने ओळखीवर पत्र आणून दिलं. शोभतेस हो ग्रंथपाल!

मी शाळेतच होते. कोणी शिक्षक रजेवर गेले की मला त्यांच्या वर्गावर पाठवत. कुलूप लावायचं, ‘बंद’ लिहायचं आणि जायचं. कारण लिहायची पद्धत नव्हती. त्या वर्षी मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, म्हणून बहुतेक दिवस सातवी ब. त्या वर्गाच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड दिसायचे. मुलं ते मोजायची. मी धडा थांबवून मोजू द्यायची. आता ती गच्चीही नाही म्हणतात.

खरं सांगते. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण मला जायला आवडायचं. हजेरीपटावर मी शिक्षकेतर. वर्गात पाऊल टाकलं की साठ मुलं उठून नमस्ते बाई म्हणायची. त्या नमस्तेसाठी मी बासष्ट दिवस कुलूप लावलं. ते पाहून किती मुलं माघारी गेली, याची नोंद मी ठेवली नाही.

हे पत्र सरांना दाखव. संकोच करू नकोस.

मावशी


चारकोप,
२९ जुलै २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. जूनपासून मला किती वेळा वर्गावर पाठवलं, ते विचारलं. मी अकरा म्हटलं. त्यांनी सही केली. हरकत तुझ्या पत्राच्या प्रतीसकट गेली.

आणि चौथ्याच दिवशी गणिताचे लवूसर रजेवर, तर मला आठवी ‘अ’वर जायचा निरोप. सवय, दुसरं काय! मी गेले नाही. वर्गच इकडे पाठवा, असं कळवलं. बेचाळीस मुलं आली. खुर्च्या वीस. सापांच्या पुस्तकावरून दोघांची जुंपली. नुसता गोंधळ.

घंटा झाल्यावर गार्गी नावाची मुलगी एक जाड पुस्तक घेऊन टेबलाशी आली. घरी जागा नाही, रोज दुपारी इथेच थोडं थोडं वाचीन, दिवाळीनंतरही चालेल ना, असं तिने विचारलं.

मसुद्याचा निर्णय अजून यायचा आहे. मी हो म्हटलं.

माया आहेच, अशीच असू दे.

तुझी
इरावती