वाल्तेरने याच घरात राहावे

मी रेमों तेसरो, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी शर्यतीच्या गाड्या चालवणारा, राहणार म्युल्सान, जिल्हा सार्त, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या अक्षरात, ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी ते तपासले असून, वाल्तेरला मान्य नसले तरी कायद्याला ते पुरेसे आहे. कोणी धाक घातलेला नाही की गळ घातलेली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझी पत्नी मारिव्हॉन हयात असताना केले होते आणि त्यात सगळे तिलाच दिले होते.

कलम १. माझी शवपेटी चर्चपासून दफनभूमीपर्यंत लांब सरळ रस्त्याने न्यावी. वर्षभर त्यावरून ट्रक आणि ट्रॅक्टर जातात. जूनमधले काही दिवस तो शर्यतीसाठी बंद होऊन आमचा असायचा. गाडी सावकाश चालवावी. मागून कोणी हॉर्न वाजवलाच तर वाजवू द्यावा.

कलम २. शेडमधली सगळी हत्यारे लोईक ब्रोसारला द्यावीत. गाडीचे बॉनेट उघडण्याआधी मालकाचे म्हणणे पुरते ऐकून घेणारा गावात तो एकच मेकॅनिक उरला आहे. मी स्वतः ट्रकच्या गॅरेजात अशाच हत्यारांवर वाढलो. दुरुस्त झालेला ट्रक चालवून बघायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मालकाच्या ध्यानात आले की माझ्या हातून ब्रेक आणि गिअर फार कमी झिजतात. चोवीस तास, एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत, धावायच्या शर्यतीत या गुणाला वेगाइतकाच भाव. वेगवान पोरे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी धडधाकट परत आणणारी थोडी. अशा रीतीने मी शर्यतीचा संघ चालवणाऱ्या फोव्हेलसाहेबांच्या निळ्या गाडीत बसलो.

कप आणि हेल्मेटे हवी त्याने न्यावीत. कप पितळेचेसुद्धा नाहीत, त्यामुळे भांडण होईल असे वाटत नाही.

कलम ३. राहते घर, परसातल्या सफरचंदांच्या झाडांसह, माझी एकुलती मुलगी क्लोतिल्द हिच्या मालकीचे होईल. मात्र वाल्तेर देशां याला, त्याच्या जिवात जीव असेपर्यंत, या घरात राहण्याचा हक्क राहील. तोवर घर विकता येणार नाही आणि त्याला वृद्धाश्रमात धाडता येणार नाही. "मी जातो," असे तो स्वतः अधूनमधून म्हणतो. त्याकडे लक्ष देऊ नये.

हा वाल्तेर आपला कोण लागतो, असे नोटरीबाईंनी विचारले. त्याला एका शब्दात उत्तर नाही.

क्लोतिल्द सहा वर्षांची होती त्या साली ल मांच्या शर्यतीत, दुसऱ्या दिवशी सकाळी, आमची निळी गाडी सर्वांत पुढे होती. आर्नाजच्या वळणाआधी माझ्यासमोर एक पिवळी गाडी कठड्यावर आदळली, उलटली आणि पेटली. धोक्याचे झेंडे दाखवणारे मदतनीस लांब होते. मी थांबलो. विचार करून थांबलो असे नाही. पाय ब्रेकवर गेला. आतल्या माणसाचा पट्टा सोडवून त्याला खेचून काढले. त्याचे दोन्ही हात भाजले होते. माझी एक भुवई गेली, ती पुन्हा उगवली नाही. माझी गाडीही पुन्हा सुरू झाली नाही. तो माणूस म्हणजे वाल्तेर, लिएजचा बेल्जियन. तोवर आमची ओळख दुरून मान हलवण्यापुरती.

मी चालत पिटमध्ये, संघाच्या दुरुस्तीच्या जागी, आलो तेव्हा फोव्हेलसाहेब म्हणाले, "तुला गाडी चालवायला ठेवलाय, तेसरो. आगी विझवायच्या होत्या तर बंबवाल्यांकडे अर्ज करायचास." पुढच्या शर्यतीपासून माझी जागा दुसऱ्याला मिळाली.

मी इस्पितळात गेलो. वाटले होते, तो आभार मानेल.

"कोणी सांगितलं होतं तुला?" वाल्तेर म्हणाला. "हे हात बघ. आता घास भरवायलासुद्धा माणूस लागणार. त्यापेक्षा तिथेच संपलो असतो."

"संपायचं नंतर बघ," मी म्हणालो. "आधी ऊठ आणि माझी नोकरी परत आण. तुझ्यापायी गेलीय."

तो हसला. ओठ भाजलेले असल्यामुळे हसणे फार दुखले, आणि त्याबद्दलही त्याने मला शिव्या घातल्या.

पुढे त्याचे हात बरे झाले, पण मुठी मिटेनात. कोणी त्याला गाडी देईना, मलाही देईना. मग दोघांनी मिळून एक जुनी गाडी उभी केली. मारिव्हॉन घोड्यांची खोगिरे शिवायची. तिने वाल्तेरचे तळवे मापून स्टिअरिंगवर चामड्याच्या अशा जाड गाद्या शिवल्या की न मिटणाऱ्या हातांनाही ते घट्ट धरता यावे. पहिल्या फेरीनंतर तो खाली उतरला तो सरळ तिच्याकडे गेला आणि तिच्या खांद्यावर डोके टेकून उभा राहिला. त्या गाडीत आम्ही ल मांला तिसरे आलो. शँपेनची बाटली त्याला धरता येईना, म्हणून मी धरली आणि सगळी त्याच्या डोक्यावर ओतली. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही जोडीने गाडी हाकली. फोव्हेलसाहेबांच्या निळ्या गाड्या पुष्कळदा आमच्या मागे असत. मारिव्हॉन गेली तेव्हा तो दफनासाठी एक बॅग घेऊन आला, आणि त्याला जा म्हणायचे राहून गेले.

हे कलम क्लोतिल्दला मान्य नव्हते. गेल्या रविवारी ती आंजेहून जेवायला आली होती. बदक भाजले होते. मी तिला माझा विचार सांगितला.

"म्हणजे तुमच्यानंतर मी ह्यांना सांभाळायचं?" ती म्हणाली. वाल्तेर समोरच बसला होता.

"सांभाळू नकोस. राहू दे फक्त."

तिने काटा खाली ठेवला. "पपा, त्या दिवशी मी आईच्या मांडीवर होते, तिथे स्टँडमध्ये. भोंग्यावर सांगितलं, निळी गाडी थांबलीय, आग लागलीय. बस, एवढंच. आई बोलेचना. मला वाटलं, तुम्हीच जळताय. आणि मग कळलं की तुम्ही आपणहून गेलात आगीत. एका परक्या माणसासाठी! माझी आठवण तरी झाली का तुम्हाला?"

खोटे बोलून तिची समजूत काढता आली असती. पण इतकी वर्षे मनात धरलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळायला हवे.

"कोणाचीच झाली नाही, पोरी," मी म्हणालो. "आणि आज तसं झालं तर आजही थांबेन."

वाल्तेर म्हणाला, "तिचं बरोबर आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही मला घरात घेतलं नसतं. मी जातो लिएजला, बहिणीच्या मुलीकडे."

"तुझ्या बहिणीला मुलगी नाही," मी म्हणालो.

एरवी वाल्तेरच्या ताटातले मांस मी स्वयंपाकघरातच कापून आणतो; त्या दिवशी बोलण्याच्या नादात राहिले होते. तो दोन्ही तळव्यांमध्ये सुरी धरून बदकाचा तुकडा ताटभर ढकलत होता. क्लोतिल्द ते बघत होती.

"वाल्तेर," ती म्हणाली, "ताट इकडे द्या."

त्याचे नाव तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. तिने मांसाचे बारीक तुकडे केले आणि ताट परत सरकवले. त्याने एक घास खाल्ला.

"फार बारीक केलंस," तो म्हणाला. "दात आहेत मला."

ती हसली, मग रडली, मग चीज आणायला उठली.

कलम ४. फोव्हेलसाहेब वारले. त्यांच्या मुलाशी माझे वैर नाही. तो अंत्यविधीला आल्यास येऊ द्यावे, बसायला खुर्ची द्यावी, पण बोलायला उभे करू नये. घराण्याला बोलायची सवय आहे.

कलम ५. बँकेत असेल ते, मारिव्हॉनची अंगठी आणि खोगिरे शिवायचे तिचे यंत्र क्लोतिल्दला. यंत्राला तेल देत असतो, ते चालते.

कलम ६. हे कलम माझे नाही. क्लोतिल्दचा काल फोन आला.

"लिहून झालं का?"

"होत आलंय."

"वाल्तेरच्या खोलीच्या दाराला गोल मूठ आहे, पपा. ती त्यांना फिरवता येत नाही. म्हणून ते दार कधी लावतच नाहीत. इतक्या वर्षांत तुमच्या लक्षात आलं नाही?"

आले नव्हते. मला वाटायचे, त्याला एकटे झोपायची भीती वाटते.

"मग लिहा," ती म्हणाली. "सगळ्या मुठी बदलायच्या. कोपरानं दाबता येतील अशा लांब दांड्यांच्या बसवायच्या."

सबब घरातील सर्व दारांच्या मुठी वरीलप्रमाणे बदलाव्यात. हे करण्यासाठी माझ्या मरणाची वाट बघत बसू नये, असेही तिने बजावले आहे. लोईक शनिवारी येतो आहे. क्लोतिल्दही येणार आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे. वाल्तेरला यात लाभ असल्यामुळे त्याला साक्षीदार होता येत नाही. तो माझ्या मागे उभा राहून चुका काढत आहे.

सही: रेमों तेसरो

आमच्यासमोर सही केली:
ऑदेत लोरियों, बेकरीवाली, शेजारीण
जिल्बेर कोसे, निवृत्त शिक्षक

म्युल्सान, ८ नोव्हेंबर २०१६