आखूड पायांचे वाचले

अबाको बेट,
१२ फेब्रुवारी

प्रिय एलियान वहिनी,

नमस्कार. मी बरा आहे, तुम्हीही सगळे बरे असाल. मोठ्याचा खोकला गेला का? तिकडे जाणाऱ्या बोटीवर साबण, तांदूळ आणि धाकटीचे बूट पाठवतोय. बूट सैल झाले तर राहू देत, पुढच्या वर्षी होतील.

मला काम मिळालंय. ऐकशील तर हसशील, सरडे धरायचं. अमेरिकेहून टेसाबाई आल्या आहेत, त्या इथल्या बोटभर तपकिरी सरड्यांचा अभ्यास करतात. मी होडी हाकतो आणि काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास लावून सरडा अलगद उचलतो. बाई त्याचे पाय मोजतात, पाठीवर रंगाचा ठिपका देतात आणि जिथला तिथे सोडतात.

बाई बोलक्या आहेत. म्हणतात, जिथे जाड खोडं आहेत त्या बेटावर सरड्यांचे पाय लांब, धावायला बरे. जिथे नुसती काटकुळी झुडपं, तिथे आखूड. रक्त एकच, पण पिढ्या गेल्या की वेगळे दिसायला लागतात.

"मोठ्या भूमीवर त्यांना खाणारी तोंडं फार," त्या म्हणाल्या. "तिथले सरडे लपूनछपून जगतात. हे बेटावरचे बघ कसे शेफारलेत, भर उन्हात गळा फुगवून बसतात."

"मग आम्ही हैतीवाले मोठ्या भूमीचे म्हणायचे, बाई," मी म्हटलं. "कागद नाहीत. गणवेश दिसला की आम्ही पानाआड."

त्यांना हसावं की नाही ते कळेना.

इथल्या त्या मोठ्या वादळानंतर जे सरडे उरले त्यांचे मागचे पाय आधीच्यांपेक्षा आखूड निघाले. असं का, ते बघायला बाईंनी पाचोळा उडवायचं यंत्र आणलं. काठीवर सरडा ठेवायचा, समोरून वारा सोडायचा, मागे मी जाळी धरून उभा. वारा लागला की सरडा काठीच्या आडोशाला जाऊन चिकटतो. वारा वाढवला की आधी मागचे पाय सुटतात. लांब मांड्यांत वारा भरतो, सरडा पुढच्या पायांवर आडवा लोंबकळतो, आणि मग जातो. जाळीत पडतो, त्याला काही होत नाही. पहिले दोन मी झेलले. तिसरा आडवा झाला तेव्हा जाळी टाकून होडीत जाऊन बसलो. बाई मागोमाग आल्या. "ऊन लागलं का रे?" मी हो म्हटलं.

ऊन लागलं नव्हतं, वहिनी.

तू दर निरोपात विचारतेस, दादाला कुणी पाहिलं का. मी कळवत राहिलो की शोध चालू आहे, नासाऊच्या इस्पितळात बरेच बिननावाचे पडलेत, त्यात असेल. तुझा भाऊ तुला काप-हैतीला न्यायला दोनदा आला, आणि तू पोरांना अर्धपोटी ठेवून ते दार सोडत नाहीस, का तर दादा आला तर त्याला घर रिकामं दिसू नये. पाद्री नऊ रात्रींच्या प्रार्थनेचं विचारतात, तर जित्या माणसाची प्रार्थना कसली म्हणून तू त्यांना परत पाठवतेस. हे कानावर आलं, म्हणून आता खरं ते लिहितो.

वादळाच्या दिवशी टेकडीवरचं चर्च आसऱ्याला उघडं होतं. दादाच म्हणाला, "दारात नावं विचारतील. आज छप्पर देतील, उद्या धरून परतीच्या बोटीत घालतील." आमची सगळी गल्ली तसंच म्हणत होती. पुढे कळलं, दारात कुणी कुणाला नाव विचारलं नव्हतं.

घर सकाळीच गेलं. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही दोघं बदामाच्या झाडाला मिठी मारून उभे राहिलो, आडोशाच्या बाजूला. दादा केवढा उंच, तुला ठाऊकच आहे. आधी त्याचे पाय सुटले. तो दोन हातांवर आडवा झाला, माझ्या तोंडासमोर. मी एक हात सोडायला गेलो तर ओरडला, "झाड सोडू नको, गाढवा." शेवटचं तेवढंच बोलला. त्याचे हात सुटलेले मी पाहिले. पाणी त्याला समुद्राकडे घेऊन गेलं. त्या बाजूला कुणी जाळी धरून उभं नव्हतं.

मी बुटका म्हणून राहिलो. यात माझं काही कर्तृत्व नाही.

आता ती प्रार्थना कर, वहिनी. नऊच्या नऊ रात्री कर, आणि मग दाराला कुलूप लावून भावाबरोबर जा. पोरांना बाप हरवला असं सांगू नकोस, नाहीतर वाट बघत मोठी होतील. मेला असं सांग. विचारतील तर म्हणावं, काकानं डोळ्यांनी पाहिलं.

तुझा, आणि इथून पुढे तुझ्या पोरांचा,
एक्सियस